निरोगी गट

१४ मार्च, संध्याकाळ

प्रिय ताई,

इकडे सगळं ठीक. भावोजींचा गुडघा आता बरा असेल. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितेय.

कामाने नुसता वैताग आणलाय. आईला कंपवात झाला तेव्हापासून मी याच अभ्यासाच्या मागे लागले, ते तुला माहीतच आहे. रुग्णांच्या मनगटांना सेन्सर बांधायचे, डोक्यावर मेंदूतल्या घडामोडी टिपणारी टोपी चढवायची आणि लांबलचक खोलीत चालवायचं. रुग्ण येतात बिचारे. तुलनेला धडधाकट माणसं मात्र मिळता मिळत नाहीत! म्हणून निरोगी गटात आम्हीच चालतो. परवा मी चालले.

पडद्यावरच्या आलेखात डाव्या हाताची रेघ सपाट आली. मी तंत्रज्ञावर उखडले. पट्टा बदलायला लावला, सेन्सर बदलायला लावला, वर 'तुझं कामात लक्षच नसतं' असंही सुनावलं. त्याने तोच नवा सेन्सर स्वतःच्या हाताला बांधला आणि चालून दाखवलं. रेघ मस्त वरखाली.

"मॅडम, सेन्सर चांगला आहे," तो हळूच म्हणाला. "तुमचा हात हलत नाहीये."

खांदा आखडला असेल. झोप कमी पडली असेल. मी पुन्हा चालले, मुद्दाम हात झुलवत, आणि आलेख असा सुरेख आला की विचारू नकोस. मग तो म्हणाला, "आता शंभरातून सात-सात वजा करत चाला." रुग्णांना आम्ही हेच सांगतो. मन दुसरीकडे गुंतलं की शरीराचं सोंग गळून पडतं. माझंही पडलं.

एका हाताचा झोका थांबला की काय शंका घ्यायची, हे मी वर्षानुवर्षं शिकवत आलेय, तेही ऐटीत. आता कळून उपयोग काय? हा रोग थांबवणारं औषध कुणाकडेच नाही. इतकी वर्षं घासून माझ्याकडेही नाही. भयंकर राग आलाय गं, आणि काढू कुणावर?

गुरुवारी डॉक्टरकडे जायचंय. तो मला चालायला सांगणार, आणि ती वजाबाकी तर मी आता पाठच केलीय. त्याला मी सहज फसवीन. मला माझाच भरवसा नाही, म्हणून तू ये. मी चालायला लागले की माझ्याशी भांडायला लाग. हवं तर आईच्या शेवटच्या दिवसांवरून भांड. मला हाताचा विसर पडेपर्यंत थांबू नकोस.

भ्यालेली,
तुझी धाकटी