मुखवट्यावरचा फेटा

बुकित बातोक, सिंगापूर

चि. बाळू यास अण्णाचे आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? शालनचा खोकला थांबला का? म्हातारी म्हैस वैरण खाते ना? मी ठणठणीत आहे. इथं लेकाकडे, मुकुलकडे, लिफ्टच्या नादानं पाय तेवढे आळसावलेत.

रविवारी मुकुलनं कुस्ती बघायला नेलं. मेक्सिकोचा पैलवान, तोंडावर मुखवटा, तुझ्याहूनही चार बोटं ठेंगणा. तीस वर्षं लढतोय म्हणे. त्यानं एक दांडगा गडी उचलून आपटला आणि मला काही राहवेना. आपल्याकडे जिंकलेल्या पैलवानाला बांधतात तसा उपरण्याचा फेटा त्याला बांधायला थेट रिंगणात चढलो. आधी डोकं मोकळं हवं, म्हणून मुखवट्याची गाठ सोडायला गेलो, तर सगळा हॉल किंचाळला!

"अण्णा, हात काढा! मुखवटा म्हणजे त्याची अब्रू!" मुकुल खालून ओरडला.

मी कान पकडले. पैलवान मुखवट्यातून हसला, वाकला आणि त्यानं मुखवट्यावरूनच फेटा बांधून घेतला.

बांधताना तू आठवलास. आम्ही तुला बुटका म्हणून हसलो, म्हणून तू तालीम सोडलीस. थोरला मी होतो, चूक माझी. राग गेला असेल तर दोन ओळी लिही. नसेल गेला तर चार शिव्या लिही, पण लवकर लिही.

तुझा अण्णा