ब्रिस्बेनच्या सहलीची वही

बाई,

मी सातवी ‘ब’मधली, हजेरीपटावरची एकोणीस नंबरची मुलगी. नकाशे बरे काढायची, पण तोंडाला कुलूप नव्हतं, तीच. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला लिहायला बसले आहे, कारण मला भीती वाटते आहे आणि ती दुसऱ्या कुणाला सांगता येण्यासारखी नाही. मी अमेरिकेत, सिअॅटलजवळ बॉथेल नावाच्या गावात राहते. नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे. चार महिन्यांपासून तो कंपनीच्या कामासाठी ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनला आहे. पुढच्या शनिवारी मला नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा यांना घेऊन एकटीने तिकडे जायचं आहे. नाताळच्या सुट्टीचे तीन आठवडे. मुलांनी बापाला चार महिने पाहिलेलं नाही. तिकिटं आली आहेत, बॅगा हॉलमध्ये उघड्या पडल्या आहेत, आणि मी अजून एकही कपडा भरलेला नाही.

विमानाची भीती नाही. गर्दीची आहे, पाण्याची आहे, आणि मुलं नजरेआड होण्याची आहे. मुलीच्या शाळेची एकही फील्ड ट्रिप मी तिला एकटीला करू दिलेली नाही. एक तर मी बसमध्ये मागच्या सीटवर जाऊन बसते, नाहीतर त्या दिवशी तिला ‘सर्दी’ होते. गणेशोत्सवाला इथल्या मंडळात जमलो की बाकीच्या बायका पुरणपोळ्या वाढत असतात आणि मी दाराशी उभी राहून मुलं मोजत असते. मैत्रिणी चेष्टा करतात. नवरा फोनवर म्हणतो, “अगं, जरा एन्जॉय कर ना यार! व्हेकेशन आहे, मिलिटरी ऑपरेशन नाही.”

ऑपरेशन म्हणायला तो चुकत नाही. माझ्यासमोर टेबलावर तुमची सहलीची वही आहे. तीच, जांभळ्या कव्हरची, आडवी. प्रत्येक ठिकाणाला एक पान, आणि पानावर तुमच्या उभट अक्षरात तेच चार रकाने: बघायचं काय, पाणी कुठे, सावली कुठे, चुकल्यास कुठे थांबायचं. तुमच्या सहली पन्हाळा, कोयना करत कोकणात संपल्या, आणि शेवटची पंधरा पानं कोरी राहिली. त्या कोऱ्या पानांवर मी ब्रिस्बेन लिहिते आहे. गेला महिनाभर मुलं शाळेत गेली की मी इंटरनेटवर बसते, आणि खरं सांगते, इतकं मुलांसाठीच वसवल्यासारखं दुसरं शहर मी ऐकलेलं नाही. समुद्र लांब आहे म्हणून त्यांनी शहराच्या मधोमध नदीकाठी खरी वाळू आणून एक किनारा तयार केला आहे. फुकट. बघायचं काय: किनारा. पाणी कुठे: एका कडेला घोट्याएवढं, दुसरीकडे मोठ्या माणसाच्या छातीइतकं. सावली: झाडं आहेत. चौथ्या रकान्यात मी तीन वेळा लिहून तीन वेळा खोडलं आहे. नदीतून बोटी धावतात, बससारख्या, थांब्याथांब्यावर चढायचं आणि उतरायचं. मुलगा म्हणतो, त्यांतून दिवसभर हिंडव. मी ‘उतरताना धक्काबुक्की?’ असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह दिलं आहे. कोआला कडेवर घेऊन फोटो काढता येतो अशी एक जागा आहे, तिथे मुलीचा जीव अडकलाय. “आय जस्ट वॉन्ट टू होल्ड वन कोआला, मॉम. वन!” म्युझियमच्या बाहेर डोक्यावर खऱ्या आकाराचे व्हेल मासे टांगलेत म्हणे आणि त्यांचा आवाज ऐकू येतो. सगळी मुलं मान वर करून चालणार. मान वर करून चालणारं मूल आईचा हात सोडतं. बागेत हातभर लांबीचे सरडे माणसाच्या पायाशी येतात. आमचे चिरंजीव त्यांच्यामागे धावणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

या वहीवर माझा हक्क नाही. म्हणून तर हे पत्र.

ती कोकणातली सहल. आम्ही घाटावरच्या मुली, बेचाळीसपैकी चार-पाच जणींनीच काय तो समुद्र पाहिलेला. तुम्ही एसटीची गाडी ठरवली होती आणि एक नियम केला होता. हजेरीला जी गैरहजर, ती उरलेली सहल तुमच्या शेजारी पुढच्या सीटवर बसणार आणि पुढच्या ठिकाणी गाडीतून उतरणार नाही. तुम्ही तो नियम आदल्या वर्षी दोघींना लावलाही होता. मला तुमचा धाक होता, बाई. तुम्ही मारत नव्हतात, पण चष्म्यावरून नुसतं बघितलंत की आम्ही बाकावर ताठ बसायचो. संध्याकाळी तुम्ही शिट्टी वाजवलीत. आम्ही गाडीत चढलो. माझ्या नंतरचा नंबर माझ्या मैत्रिणीचा, वीस. तिने वाळूतच मला सांगितलं होतं, “मी बाटलीत समुद्राचं पाणी भरून आणते. आईने कधी बघितलं नाहीये. पाच मिनिटं सांभाळून घे.” काठाशी गढूळ येतं म्हणून ती खडकांकडे गेली होती.

तुम्ही पहिल्या सीटपाशी उभं राहून पट वाचायला लागलात. मान खाली, पेन्सिल हातात. एकोणीस म्हटल्यावर मी “हजर” म्हटलं. वीस म्हटल्यावर नाक दाबून, बारीक आवाजात, पुन्हा मीच “हजर” म्हटलं. शाळेत आम्ही एकमेकींसाठी हे नेहमी करायचो, तुम्हाला कधी कळलं नाही. तुम्ही पेन्सिलीने खूण केलीत आणि एकवीसवर गेलात. गाडी सुटली.

घाटाच्या पायथ्याशी चहाला गाडी थांबली तेव्हा तुम्ही भडंगाचे पुडे वाटायला लागलात आणि एक पुडा उरला. तुमचा चेहरा मला आजही दिसतो. तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही ड्रायव्हरला नुसतं म्हणालात, “मागे घ्या.” जाताना तासभर लागला होता, परत यायला तेवढाच लागला, आणि त्या तासात तुम्ही उभ्याच होतात, दांडा धरून. मी खिडकीत बसून देवाला काय काय कबूल केलं, ते आता आठवत नाही. ती सापडली. एका कोळणीच्या अंगणात, माशांच्या पाटीपाशी बसून, डोळे सुजलेले, बाटली मांडीवर. तिला काही झालं नव्हतं. पण भरती चढली होती, आणि ज्या खडकांवर ती पाणी भरत होती ते पाण्याखाली गेले होते. ते तुम्ही पाहिलंत आणि मीही पाहिलं.

मग शाळेत चौकशी झाली. तिचे वडील आले होते, मोठ्या बाई होत्या, आणि तिच्या बाकावरची म्हणून मला बाहेर उभं केलं होतं. दार अर्धं उघडं होतं. मोठ्या बाईंनी विचारलं, “पटावर वीस नंबरला हजेरीची खूण कशी?” तुम्ही म्हणालात, “माझं लक्ष नव्हतं. चूक माझी आहे.” माझ्या मैत्रिणीने माझं नाव घेतलं नव्हतं. तुम्ही बाहेर आलात, माझ्याकडे पाहिलंत, आणि म्हणालात, “वर्गात जा.” तेवढंच. त्या वर्षापासून तुमच्या सहली बंद झाल्या. ज्या बाई जूनपासून डिसेंबरच्या सहलीचे बेत करायच्या, त्यांना शाळेने साधं नदीवर सुद्धा मुलींना नेऊ दिलं नाही. वार्षिक परीक्षा झाल्यावर तुम्ही मला घरी बोलावून ही वही दिलीत. स्वयंपाकघरात तुम्ही शेंगा सोलत होतात. म्हणालात, “तुला आखायला आवडतं. मला आता हिचा उपयोग नाही.” मी वही घेतली, शेंगाही खाल्ल्या. घरी येऊन आईला सांगितलं की बक्षीस मिळालं.

तुम्हाला माहीत होतं का, हे मी सत्तावीस वर्षं स्वतःला विचारते आहे. आणि राग येतो तुमचा, तोही सांगून टाकते. माहीत होतं तर कान का नाही पिळलात? एक थप्पड मारली असतीत तर रडून मोकळी झाले असते. आणि तुमचा तो नियम! गैरहजर राहिलं तर गाडीतून उतरणं बंद, असं कुणी बारा वर्षांच्या मुलींना सांगतं का? नियम नसता तर मी सरळ सांगितलं असतं, “बाई, ती पाणी भरतेय, थांबा.” असं मी म्हणते. पण सांगितलं असतं की नाही, कोण जाणे.

गेल्या रविवारी मी मुलांची रंगीत तालीम घेतली. ब्रिस्बेनला बोटीत बसायचंय, तर आधी इथल्या फेरीबोटीत बसून बघू. सिअॅटलहून समोरच्या बेटावर जायचं आणि यायचं. थंडी, पाऊस, फेरी अर्धी रिकामी. मी मुलांना खिडकीशी बसवलं, दहा सूचना दिल्या आणि बाथरूममध्ये गेले. जिवाला चैन नाही म्हणून आतून ओरडले, “दोघं आहात ना?” मुलगी दाराबाहेरून म्हणाली, “येस मॉम, वी आर बोथ हिअर.”

बाहेर आले तर ती एकटी होती. मला पुढचं नीट आठवत नाही. जिना चढल्याचं आठवतं. वरच्या उघड्या डेकवर तो कठड्याच्या खालच्या दांडीवर चढून सीगल बघत होता. एका म्हाताऱ्या अमेरिकन आजोबांनी त्याचं हूड मुठीत धरून ठेवलं होतं. मी मुलीचा दंड इतका जोरात धरला की वळ उठले. “खोटं का बोललीस? का बोललीस?” ती रडत म्हणाली, “बिकॉज यू गेट सो स्केअर्ड! ही सेड फाइव्ह मिनिट्स. आय थॉट ही’ड बी बॅक बिफोर यू केम आउट.”

बाई, मी तिचा दंड सोडला.

घरी आल्यावर मी काय केलं असेल? शहाण्या बाईने धडा घेतला असता. मी दुसऱ्या दिवशी नवऱ्याला फोन करून सांगितलं की मुलाचा कान दुखतोय, डॉक्टर बहुतेक विमान नको म्हणतील, तिकिटं कॅन्सल करावी लागतील. त्याने कोणता कान ते विचारलं. मग म्हणाला, “बघ. त्याला बरं वाटणं महत्त्वाचं.” त्याने मुलांसाठी दोन छोटे रेनकोट आणि टोप्या आणून ठेवल्यात, हे त्याने आधीच सांगितलं होतं. मी फोन ठेवला आणि वळले, तर मुलगी जिन्यात उभी.

“हिज इअर इज फाइन,” ती म्हणाली.

मी तिला पायरीवर शेजारी बसवलं आणि जे आजवर कुणाला सांगितलं नाही ते तिला सांगितलं. नवऱ्यालाही नाही सांगितलेलं. मराठीत सुरुवात केली, अडले तिथे इंग्रजीत. हजेरीपट म्हणजे काय ते समजावलं. आणि जे तुम्हालाही माहीत नाही, ते तिला सांगितलं. गाडी वळली तेव्हा मला ती खिडकीतून दिसली होती. खडकावर, वाकलेली, पाठमोरी. मी ओरडले असते तर ड्रायव्हरने ब्रेक लावला असता. पण मग वीस नंबरला कोण बोललं ते कळलं असतं. मी खिडकीकडे पाठ फिरवली.

मुलीने गुडघे जवळ ओढून घेतले. मग म्हणाली, “वॉज शी मॅड? युअर टीचर?”

“नाही गं. काहीच बोलल्या नाहीत.”

“दॅट्स सो मच वर्स,” ती म्हणाली. थोड्या वेळाने, “तू त्यांना सॉरी म्हणालीस?”

“त्या वारल्या.”

“बिफोर दॅट?”

आज दुपारी, तिकडची सकाळ होती, मी नवऱ्याला खरं काय ते सांगितलं. कानाचं, आणि तुमचंही. तो रागावला, आणि रागावला म्हणून मला बरं वाटलं. शेवटी त्याने एवढंच विचारलं, “पण येताय ना?” मी येतोय म्हटलं. भीती गेलेली नाही. ती माझ्याबरोबर विमानात बसणार आणि तीन आठवडे त्या नदीकाठी माझ्याबरोबर हिंडणार. चौथ्या रकान्यात मी आता काही लिहीत नाही, ते मुलीला भरायला सांगितलं आहे. तिने किनाऱ्याच्या पानावर लिहिलंय, ‘स्टे व्हेअर यू आर. मॉम विल कम बॅक.’

हे पत्र पाठवणार कुठे, असा प्रश्न कुणी विचारला तर पत्ता नाही म्हणून वेळ मारून नेता येईल. पण मुलीच्या ‘बिफोर दॅट’चं तसं नाही. त्या सहलीनंतर तुम्ही अकरा वर्षं जगलात, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. मी कॉलेजला जाताना रोज तुमच्या दारावरून सायकल न्यायची, आणि तुम्ही अंगणात दिसलात की जोरात पेडल मारायची.