भिंतीचा धडा

नामसेका, ४ जून

ती. एनेलेसी आत्यास फात्सानीचा सा. न. वि. वि.

हे पत्र मिनीबसवाल्या वायसनच्या हाती देते आहे. डोंगरावरून चिपेरोनीची थंड भुरभुर सुरू झालीय, त्यामुळे कागद ओलसर लागला तर माझ्या अश्रूंवर कविता करू नकोस.

मार्चच्या वादळात शाळेची भिंत पडली तेव्हापासून माझी पहिलीची मुलं कचेरेच्या झाडाखाली बसतात. सध्या इंग्रजीत वर्गातल्या वस्तूंचा धडा चालू आहे. पुस्तकातल्या चित्रात डोअर, विंडो, डेस्क सगळं आहे. आमच्याकडे फळा, खडू आणि झाडाची मुळं. 'स्टँड अप, सिट डाउन' पोरांना फार आवडतं, कारण थंडी पळते. पण 'वॉल' शब्द आला की सगळा वर्ग गप्प होतो. झिओने नावाची ती पोर खाली मान घालून गवत उपटत बसते. तिची जुळी बहीण लिंबिकानी त्या भिंतीखाली गेली, हे मी तुला तेव्हा कळवलं होतं. खोलीला एकच दार, सगळी तिथेच कोंडली. मी हाताला लागेल त्याला बाहेर ओढत होते. झिओने हाताला लागली. त्या दिवसापासून तिने शाळेत तोंड उघडलेलं नाही.

गावाने विटा भाजून नवी खोली उभी केलीय. पुढच्या महिन्यात शिक्षण सल्लागार येणार आहेत. मुख्याध्यापक म्हणतात, तोवर पोरं आत बसलेली दिसली पाहिजेत आणि प्रत्येक वस्तूचं नाव घडाघडा सांगता आलं पाहिजे. पोरं उंबऱ्यापर्यंत जातात नि पळत सुटतात. त्यांना ओरडायला माझी जीभ वळत नाही. बदलीचा अर्ज करावा, असं रोज वाटतं. तू काय म्हणतेस ते लवकर कळव.

तुझ्या मायेवरच तग धरून असलेली,
फात्सानी

---

झोंबा, १५ जून

चि. फात्सानीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू सगळ्यांचं लिहिलंस, स्वतःचं तेवढं सोडून. वायसनला मी काहीही विचारलं नव्हतं, तरी त्याने सांगितलं की तू विटांचं घर सोडून बाहेरच्या गवती स्वयंपाकघरात झोपतेस. त्याला हे कसं ठाऊक, ते तूच सांग. मी म्हातारी काही विचारणार नाही. घोंगडी पाठवते आहे, सोबत सुकी उसिपा मासळी. मक्याच्या पिठाच्या तुझ्या हातच्या एन्सिमाच्या गाठी गिळायला काहीतरी हवं ना.

आता शाळेचं. मी इतकी वर्षं पहिलीच शिकवली, पण असा वर्ग माझ्या वाट्याला आला नाही, तेव्हा सुचतं ते सांगते, खात्रीने नाही. पोरांना आत ढकलू नकोस. आधी तू जा. धीटपणाचं सोंग आणू नकोस, लहान मुलं ते लगेच ओळखतात. 'कम इन', 'कम आउट' हेही त्याच धड्यात आहे ना? ते शब्द पोरांच्या तोंडी दे. हुकूम त्यांनी सोडायचे, ऐकायचे तू. एवढं करूनही जीव रमला नाही तर खुशाल अर्ज कर. तुला कोणी नावं ठेवली तर माझ्याकडे पाठव.

प्रकृतीला जप, आणि या आत्याला पत्रांची वाट पाहायला लावू नकोस.

तुझी,
एनेलेसी आत्या

---

नामसेका, १२ जुलै

ती. आत्यास सा. न. वि. वि.

रागावू नकोस, घरात झोपायचं अजून जमलेलं नाही. पण घोंगडी उबदार आहे.

तू सांगितलंस तसं केलं. मी एकटी नव्या खोलीत गेले. वाऱ्याने पत्रा वाजला नि मी दाराकडे वळले. बाहेरून पोरांनी 'कम आउट' म्हणताच मी खरोखरच धावत सुटले. ती खो खो हसली. मग 'कम इन', मग पुन्हा 'कम आउट'. मला दम लागेपर्यंत पळवलं. आठवड्याभरात एकेक करून आत आली, पण सगळी दाराशीच, मधमाश्यांसारखी चिकटून. झिओने उंबऱ्यावर, न बोलता.

मंगळवारी सल्लागार काचिंग्वे आले. त्यांनी खडू दाखवला, खिडकी दाखवली. पोरांनी चोख उत्तरं दिली. मुख्याध्यापक खुलले. मग साहेबांनी मागच्या भिंतीवर हात ठेवला आणि हे काय, असं नेमकं झिओनेलाच विचारलं. मी त्यांना थांबवायला पुढे झाले, तर ती उठली. सगळी खोली ओलांडून त्या भिंतीपाशी गेली आणि विटांवर तळवा टेकवला.

"डोअर," ती म्हणाली.

साहेबांनी हळुवारपणे सुधारलं, की ही वॉल. तिने मान हलवली.

"नो. हिअर, डोअर."

मुख्याध्यापक माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच चुकीचं शिकवलंय. पण माझ्या लक्षात आलं होतं. मी साहेबांना आपल्या चिचेवा भाषेत सगळं सांगितलं: ते वादळ, ते एकच दार, लिंबिकानी. मग त्यांनी खडू घेतला आणि तिचा हात होता तिथे भिंतीवर दाराची चौकट आखली, चांगली रुंद. मुख्याध्यापकांनी पावसाची नि वाया जाणाऱ्या विटांची कुरकुर केली, पण गवंडी म्हणाला की वर एक तुळई टाकली की झालं. शनिवारी त्याने भिंत फोडली.

काल पहिल्या तासाला पोरं एका दाराने आत आली, दुसऱ्याने बाहेर पडली, वळसा घालून पुन्हा आत. सगळा तास यातच गेला. मी थांबवलं नाही. आता खोलीत वारा आरपार येतो, खडूची पूड डोळ्यांत जाते नि पोरं कुडकुडतात. मुख्याध्यापक म्हणतात, यापेक्षा झाड बरं होतं.

खेळून दमल्यावर पोरं बसली, अर्धी या दाराशी, अर्धी त्या दाराशी. झिओने मात्र दोन्हीपासून लांब, खोलीच्या अगदी मधोमध जाऊन बसली. जरा सरकली आणि शेजारी जागा केली. कोणासाठी, ते तिने सांगितलं नाही. मीच जाऊन तिथे बसले.

अशीच सांभाळून घे.

तुझी,
फात्सानी