पान्हा

१४ सप्टेंबर

अखेर गोठ्यात राहायला आलो. आईला फोनवर असंच सांगितलं, तर ती म्हणाली, निदान लोकांना सांगताना तरी घर म्हणत जा, नेल.

घरच आहे आता. सगळा उन्हाळा शेजारच्या शेतात, कॅराव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या बुटक्या खोलीत काढला. माझ्या नवऱ्याच्या, ह्यूच्या कपाळावरची टेंगळं अजून गेलेली नाहीत. इथं मात्र तो हात वर करून उडी मारतो तरी तुळईला बोट लागत नाही. गाई बांधायच्या तिथं स्वयंपाकघर, वैरणीच्या माळ्यावर झोपायची खोली, आणि गवताच्या गाड्या जिथून आत यायच्या त्या मोठ्या दाराच्या जागी वरपर्यंत काच. काचेतून अख्खा डोंगर दिसतो, त्यावरचा पाऊससुद्धा. एक दगडी गव्हाण मी हट्टाने ठेवून घेतली. टेसची टोपली तिच्यात अशी चपखल बसली, जणू मापानं घडवलीय. चार महिन्यांची आमची लेक गव्हाणीत झोपलेली पाहून ह्यू म्हणाला, आता येशूच्या गोष्टीतले तीन शहाणे येतील, त्यांच्या चहाचं बघ.

आल्या मिसेस थ्वेट. गोठा त्यांच्याकडूनच घेतला, त्या अंगणापलीकडच्या घरात एकट्या राहतात. घरी भाजलेला ॲपल पाय उंबऱ्यावरूनच हातात दिला. आत या म्हटलं तर म्हणाल्या, बुटांना चिखल आहे.

बूट स्वच्छ होते.

१९ सप्टेंबर

फरशीखाली गरम पाण्याचे नळ घालून झालेत, पण बॉयलर अजून दुकानातच आहे. तरी स्वयंपाकघराची फरशी कोमट लागते. ह्यू म्हणतो, दगड ऊन धरून ठेवतो. कसलं ऊन? आठवडाभर सूर्य दिसलेला नाही.

असो, तक्रार नाही. मला दूध पुरेसं येत नव्हतं, टेसला वरून बाटली द्यावी लागायची. इथं आल्यापासून बाटली धुऊन कपाटात ठेवलीय. दूध इतकं की कपडे भिजतात. इथली हवा मानवली, असं मी आईला सांगितलं.

२६ सप्टेंबर

दुपारी कपडे वाळत घालून आले तर टेस जागी होती, हसत होती. केस ओले, आणि सगळे एकाच दिशेनं वर चापून बसवलेले. गालही ओला, लाल, खरखरीत कशानं तरी घासल्यासारखा. मला वाटलं ह्यूनं चेष्टा केली. तो गावात गेलेला होता.

छत गळतंय म्हणून शिडी लावून पाहिलं. कोरडं ठाक.

ह्यू शेतकऱ्याच्या घरात वाढलाय. आल्यावर त्यानं टेसकडे बघितलं आणि सहज बोलून गेला, गाय वासराला चाटते तेव्हा अस्सा तुरा निघतो. मग दोघंही हसलो. तो जरा उशिरा हसला.

२ ऑक्टोबर

काचेवर वाफेचे गोल धब्बे येतात. छातीच्या उंचीला, एकाशेजारी एक. बाहेरून पुसले, गेले नाहीत. आतून पुसले, गेले. मी फडकं पिळायला वळले तेवढ्यात पुन्हा आले.

टेसला आता गव्हाणीत ठेवत नाही. वर माळ्यावर ठेवते. आज तिचे केस तिथंही ओले होते.

भीती वाटते असं लिहिणार होते. पण खरं सांगायचं तर टेस इतकी शांत कधीच नव्हती. कुणीतरी तिच्यावर फार माया करतंय, असं वाटतं. आणि ते कुणीतरी मी नाही.

५ ऑक्टोबर

चहाच्या वेळी बाहेरून कुणीतरी हाक मारली. पुरुषाचा आवाज, मऊ, लाडीगोडीचा. कश, कश, ये गं, ये. आणि त्या आवाजासरशी मला पान्हा फुटला. टेस माझ्याजवळ नव्हती, रडत नव्हती, तरी. धारा पोटापर्यंत ओघळल्या.

ह्यूनंही ऐकलं. म्हणाला, कुणीतरी गुरं घरी नेत असेल.

या बाजूला आता गुरं कुणाकडेच नाहीत.

६ ऑक्टोबर

मिसेस थ्वेटांकडे गेले. मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, तुला हाक ऐकू आली ना, पोरी.

मग सांगू लागल्या. गुरांच्या लाळ्या-खुरकताच्या साथीचं साल. यांच्या जनावरांना रोग नव्हता, पण शेजारच्या कळपाला होता, म्हणजे नियमानं यांचीही मारायची. सरकारी माणसं आली. वसंत होता, गाई नुकत्याच व्यालेल्या, वासरं पायाशी. परकी माणसं बघून बिथरल्या, शेतभर पळू लागल्या. तेव्हा त्यांचा नवरा जोसफ गोठ्याच्या दारात उभा राहिला आणि रोजच्यासारखी हाक मारली. एकेकीला नाव घेऊन. ब्लॉसम, डचेस, जुनी पर्ल. एकेक करून सगळ्या शांतपणे आत आल्या. धारेची वेळ झाली असं वाटलं त्यांना. चालता चालता दूध गळत होतं. मग त्यानंच दार लावून घेतलं.

त्या म्हणाल्या, "त्यानंतर त्यानं कुणाला नावानं हाक मारली नाही. मलासुद्धा. मरेपर्यंत."

मी विचारलं, मग आम्हाला विकलात कशाला. त्यांनी किटली उचलून पुन्हा शेगडीवर ठेवली. "वाटलं, लेकरू असलं घरात तर त्या निवतील."

८ ऑक्टोबर

टेस माझं दूध घेत नाही. तोंड फिरवते. तरी उपाशी दिसत नाही. ओठांना सायीचा वास.

ह्यू चहाच्या वेळी कुठं जातो ते आज पाहिलं. दारात उभा राहतो. हात कडीवर. ओठ हलत असतात. काय करतोस विचारलं तर म्हणाला, काही नाही, पाऊस बघतोय —

तो शेताकडे बघत होता. कुणीतरी यायचं राहिलं असल्यासारखा.

९ ऑक्टोबर

निघालो. आईकडे. ह्यू हो म्हणाला, वाद न घालता. टेस मागच्या सीटवर, तिचे केस कोरडे — पहिल्यांदाच कोरडे. मी गाडीत बसून लिहितेय. ह्यू तिची दुलई आणायला आत गेलाय.

बराच वेळ झाला.

गोठ्याची काच सगळी धुरकट. आत कुणी दिसत नाही — दिसतंय. खूप आहेत. दाटीवाटीनं.

ह्यू दारात आलाय. हातात दुलई नाही.

हाक मारतोय. किती मऊ. असं तो माझ्याशी कधीच बोलला नव्हता. कश, कश — मला ठाऊक आहे ती हाक कसली आहे, ठाऊक आहे दार कशाला उघडं आहे — तरी दूध — सगळे कपडे भिजले — टेस त्याच्याकडे हात पसरतेय —

गाडीचं दार उघडं आहे. मी उघडलं नव्हतं.

पाय ओले. गवत. टेस माझ्या कडेवर आहे. त्यानं एकेकीचं नाव घेतलं. आता माझं घेतोय — नेल, ये गं, नेल — नाही, मी जाणार नाही, मी फक्त त्याला सांगायला — उंबऱ्यापाशीच थांबून —