चक्राचे आतले कोपरे

आई,

तू कात्री लपवलीस, म्हणून झेंड्यावरचं चक्र मी आबांच्या वस्तऱ्यानं कापून शिवलं. धार गेली म्हणून ते ओरडले तर खरं काय ते सांग. चोवीस आऱ्यांमधले सगळे आतले कोपरे सुईनं वळवलेत, एकातही चुणी नाही. तूच शिकवलंस ना, आतला कोपरा वळवायचा तर शेवटच्या धाग्यापर्यंत कापावं लागतं, भिऊन अलीकडे थांबलं की चुणी पडते.

तिरंग्यावर निजामाची बंदी, आबांची सरकारी नोकरी, सगळं ठाऊक आहे मला. तरी आज जामबागेत झेंडा मीच उभारणार. पोलिसांनी धरलं तर बाप म्हणून आबांचं नाव सांगणार नाही. शिवण कुणी शिकवली विचारलं, तर मात्र तुझं सांगेन.

भामा