नाकवाल्यांचा आकडा

४ जून

एक्केचाळिसावा पेशंट. चिठ्ठीचं बंद पाकीट फोडलं — आज डेक्स. नाकाच्या ऑपरेशनमध्ये रक्त कमी यावं, दुर्बिणीतून नीट दिसावं म्हणून भूल देताना मी बीपी खाली ठेवते. त्यासाठी जुनं औषध नायट्रो बरं की नवं डेक्स, एवढाच माझा अभ्यास. आज कोणतं चालू आहे ते फक्त मला ठाऊक. नाकवाले डॉक्टर दर पंधरा मिनिटांनी रक्ताचा आकडा सांगतात. शून्य म्हणजे कोरडं, पाच म्हणजे काहीच दिसत नाही.

आज — दोन, एक, एक. दिवसभरात माझ्याशी कोणी बोललं ते एवढंच! मी ज्याच्याशी बोलते तो मिनिटभरात झोपतो.

७ जून

सुट्टी. सकाळपासून तोंडातून शब्द नाही. संध्याकाळी कुकरला म्हटलं, थांब, आले.

११ जून

घात झाला!

चहा पिताना नाकवाले सहज म्हणाले, "नाडी हळू वाजली की कळतं मला, तुमचं नवं औषध चालू आहे."

खरंच की. नायट्रोने नाडी पळते, डेक्सने मंदावते, आणि मॉनिटर अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असा वाजतो. मी शहाणी पाकिटं चिकटवत बसले, आणि हा चहाडी करत होता!

विचारलं, आकडे तरी खरे सांगितलेत ना? ते घुटमळले. "कधी तिनाचे दोन केले असतील. एवढ्या खपता, तुमचं औषध जिंकावं असं वाटायचं."

दीड वर्षाचं मुसळ केरात. चिडायचं सोडून घरी येऊन रडले. माझ्या बाजूने कुणाला काही वाटून किती वर्षं झाली!

१२ जून

एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पेशंट बाद — अभ्यासाला परवानगी देणाऱ्या कमिटीला तसं लिहून दिलं. आमचे विभागप्रमुख साहेब म्हणाले, कोण बघतंय एवढं. मी बघतेय ना.

२ जुलै

पुन्हा पेशंट नंबर एक. आता ऑपरेशनचा व्हिडिओ, आवाज काढून, दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडे जाणार. आकडे ते देणार. नाकवाल्यांनी काही बोलायचं नाही. काम अगदी चोख.

दीड तास नुसता मॉनिटर. पंधराव्या मिनिटाला माझा पेन आपोआप उचलला गेला. मग ठेवला. फार एकटं वाटलं, खोलीत सहा माणसं असून.

३ जुलै

पंधरावं मिनिट. पडद्यापलीकडून नाकवाले — "दोन."

म्हटलं, आता लिहायचं नाहीये.

"माहितीये. तुम्हाला सांगतोय."