पाचातला एक पत्ता

बाबा, आज वर्षभराची चिंच साफ करायला बसले आणि चिंचोके काही फेकवेनात. तुम्ही असता तर ताट पुढ्यात ओढून पन्नास-पन्नासच्या राशी लावल्या असत्या. आपल्याकडे आई चिंचेचे गोळे बरणीत भरायची आणि चिंचोके तुमच्या पत्त्यांच्या डब्यात जायचे. उन्हाळ्यातल्या रविवारी जेवणं आटोपली, वाळ्याच्या ताटीवर पाणी मारून झालं, की तुम्ही, आई आणि मी पोकर खेळायला बसायचो. सावनेरच्या खाणीच्या कचेरीत तुम्ही कारकून. तिथल्या कुण्या साहेबाकडून तुम्ही हा खेळ उचललात आणि घरी आणताना त्यातले पैसे काढून चिंचोके घातलेत. शेजारपाजारचे रमी खेळायचे, त्यांना आपण वाया गेलेलं कुटुंब वाटायचो. वाटो बापडे.

तुमचे प्रश्न ठरलेले असायचे. मधे किती पडलेत, माझ्याकडून किती मागून राहिले, आणि माझ्या कामाचे पत्ते किती उरलेत. हातातल्या पाच पत्त्यांत चार बदाम आहेत, एक पत्ता बदलायचा आहे, पाचवं बदाम आलं तर डाव आपला. न दिसलेल्या सत्तेचाळीस पत्त्यांत बदाम नऊ, म्हणजे साधारण पाचात एकदा येणार. मग मधे तीस चिंचोके असले आणि आपल्याला पाचच टाकायचे असले तर बेलाशक टाकायचे, कारण चारदा पाच-पाच गेले तरी एकदा तीस हातात येतात. मधे दहाच असले तर पत्ते गुमान खाली ठेवायचे. बहुतेक वेळा हरणार हे ठाऊक असूनही खेळणं बरोबर असू शकतं, हे मला तुमच्यामुळे फार लवकर कळलं. आई मात्र म्हणायची, "मले जे वाटते ते मी करतो," आणि वर आमचेच चिंचोके पदरात घेऊन उठायची.

एक दुपार मी विसरलेली नाही. माझ्या हातात चौकी, पंजी, सत्ती, अठ्ठी. मधली छक्की हवी होती. मधे दहा चिंचोके, मागत होते पाच. मी टाकले आणि छक्की आली! मी नाचायचीच बाकी होते, तर तुम्ही चष्मा काढून ठेवलात.

"जिंकली म्हून बरोबर झालं का वं? बारात एकदा येणाऱ्या पत्त्यासाठी दहावर कोणी पाच टाकते काय?"

"पण आला ना, बाबा!"

"पत्त्यानं तुले वाचवलं. तू काहून खेळली ते सांग."

संध्याकाळपर्यंत मी फुगून बसले होते. पुढे जन्मभर कॉलेजात संभाव्यता शिकवली आणि दरवर्षी पोरींना तुमचंच वाक्य ऐकवलं, की निकाल पाहून निर्णयाला मार्क देऊ नका. माझं हे शिकवणं चांगलं होतं, हे मी स्वतःच सांगते.

मग रामदासपेठेतला तो दवाखाना. डॉक्टरांनी मला बाहेर व्हरांड्यात बोलावून घेतलं. तुमच्या पोटातली गाठ तशीच ठेवली तर सहा महिने, त्यातले पहिले दोन चांगले जातील. ऑपरेशन केलं तर पाचातला एक उठतो, पण उठला की दहा वर्षं बघायला नको. मी तिथेच उभ्या उभ्या हिशोब केला. चार बदाम हातात, मधे दहा वर्षं, टाकायचे सहा महिने. यात विचार करण्यासारखं काय होतं? त्यानंतर शंभरदा तो हिशोब मांडला आहे आणि दर वेळी उत्तर तेच येतं.

मी आत येऊन गाठ ठेवली तर किती आणि काढली तर किती, ते सांगितलं. आई संत्र सोलत होती. तुम्ही उशीला टेकून विचारलंत, "माझ्या कामाचे पत्ते किती आहेत वं?"

मी म्हटलं, "निम्मे."

"मग तर विचारूनच नको राहू. टाक." आणि तुम्ही आईच्या हातून संत्र्याची फोड घेतलीत. ऑपरेशन मंगळवारी झालं. गुरुवारी तुम्ही गेलात.

ऑपरेशन केल्याचा मला पस्तावा नाही. हरलो म्हणून चुकलं असं मी म्हणाले असते, तर तुम्हीच चष्मा काढून ठेवला असता. पण पाचात एक असतानाही हिशोब बसत होता, तर मी निम्मे काहून म्हटलं? तुम्हाला धीर यावा म्हणून, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. खरं सांगितलं असतं तर तुम्ही ते दोन चांगले महिने आधी हातात घेऊन तोलले असते. तोंडावर उन्हाळा होता. घरातली चिंच फोडायची होती, ताटी लावायची होती, आईशी आठ-दहा डाव तरी झाले असते. त्या महिन्यांची किंमत तुम्ही ठरवायची होती आणि ती मी व्हरांड्यात परस्पर लावून टाकली. तुमचा हिशोब चुकेल याची मला भीती नव्हती. तो बरोबर येईल आणि तुम्ही पत्ते खाली ठेवाल, याची होती. मला तुम्ही दहा वर्षं हवे होतात.

चिंचोके धुऊन उन्हात घातले आहेत. वाळले की डब्यात भरीन, आणि हा कागदही त्यातच घडी करून ठेवीन. निम्मे नव्हते, बाबा. पाचात एकच होता.